बाबांचा इंग्रजीचा पेपर

शिमगा होऊन गेला की समोरच्या गच्चीवर कुणाचं ना कुणाचं मूल पुस्तक घेऊन चकरा मारायला लागतं. यंदा एक मुलगी आहे. ओठ हलतात, डोळे मिटतात, मध्येच थांबून ती पुस्तकात डोकावते आणि स्वतःवरच चिडून पाय आपटते. मी इकडे खिडकीत चहा घेऊन बसलेला असतो. नोकरी संपून कैक वर्षं झाली, माझी परीक्षा घेणारं आता कुणी उरलेलं नाही. तरी लक्ष तिच्या पुस्तकात जातं. चहा गार होतो. मी उगाच कपाट उघडतो, बंद करतो, चपला घालतो, पुन्हा काढतो. बायको विचारते, "काही हरवलं का?" काय सांगणार? निंबाचा पाला गळायला लागला, दुपारच्या वाऱ्याला धग आली, की माझ्या अंगात काहीतरी फिरायला लागतं आणि ते मला एका जागी बसू देत नाही.

अशा वेळी मला दुसरबीडचं आमचं अंगण आठवतं. अंगणात निंबाखाली बाज, बाजेवर मी आणि माझे वडील, आणि दोघांच्याही हातात पुस्तकं. कारण त्या वर्षी आम्ही दोघेही परीक्षेला बसलो होतो.

बाबा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. किसन गुरुजी म्हणून आजूबाजूच्या खेड्यांत त्यांना मान होता. शिक्षण मात्र सातवी. तेवढ्यावर त्या काळी मास्तरकी मिळायची. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा जुनाच होता. बाबांनी त्यावर निळ्या पेन्सिलीने राज्याची नवी हद्द स्वतः ओढली होती आणि पोरांना ती बोट फिरवून दाखवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू हद्द त्यांनीच ठरवली आहे. नव्या राज्यात नव्या शाळा निघत होत्या, गावोगाव मॅट्रिक झालेली पोरं मास्तर म्हणून येत होती. बाबा बाहेरून मॅट्रिकला बसायचे आणि नापास व्हायचे. बाकीचे विषय सुटायचे. इंग्रजीपाशी गाडं अडायचं. किती वेळा बसले, ते माझ्या मायलाही धड सांगता यायचं नाही.

"कायले पायजे तुमाले मॅट्रिक?" माय कधीतरी म्हणायची. "पोरगा कॉलेजात गेला आता."

"मी रोज पोट्ट्यायले सांगतो, शिका, शिका," बाबा म्हणायचे. "एखाद्यानं इचारलं, गुरुजी तुमी कुठलोक शिकले, तं काय सांगू?"

मी खामगावला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. परीक्षेपूर्वीच्या सुट्टीत घरी आलो ते अभ्यासासाठी, पण अभ्यास होत नव्हता. खामगावात राहून आलं की घर अंगाला घट्ट झालेल्या सदऱ्यासारखं वाटायचं. गहू निघाले होते. खळ्यांवरून भुसाचा धुरळा उडून यायचा आणि घामेजलेल्या मानेला चिकटून खाजत राहायचा. दुपारी गाव झोपलं की मोठ्या सडकेवरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज तेवढा यायचा. तो आवाज आला की माझं पुस्तकातलं लक्ष उडायचं. मी उठून सडकेवर जायचो. हॉटेलाच्या सावलीत उभा राहून जालन्याकडे जाणारी एसटी बघायचो, मग मेहकरकडे जाणारी. कुठे जायचंय ते माहीत नव्हतं. आपण इथे नसावं, एवढंच पक्कं होतं. कॉलेज सोडून द्यावं, कुठेतरी लांब नोकरी धरावी, असंही मनात यायचं. तर्कशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र. ह्या सगळ्या शास्त्रांचं मी पुढे काय करणार, हे मला कुणी सांगत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती.

परत यावं तर बाजेवर बाबा वाट बघत बसलेले.

"आला का बे? हे सांग मले आधी."

त्यांच्या मांडीवर निबंधांचं एक गाईड असायचं. पाठ करायचा निबंध होता आगगाडीच्या प्रवासावर. बाबा बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करून वाचायचे. "आय. वेंट. टू. बॉम्बे. विथ. माय. अंकल." मग बोट तिथेच थांबायचं.

"दिन्या, अंकल म्हंजे काका ना?"

"हाव."

"का मामा?"

"दोनीबी, बाबा."

"असं कसं? इंग्रजायले काका न मामातला फरक समजत नाई?"

"तुमी पाठ करा."

"करतो बे. पन मले काकाच नाई. न मुंबई मी पाह्यली नाई."

"परीक्षेत कोन इचारते, तुमाले काका हाय का नाई?"

त्यावर ते डोळे मिटून घोकायला लागायचे. वर्गात पोरं पाढे म्हणताना हलतात तसे पुढेमागे हलत घोकायचे. त्यांच्या त्या हलण्याने बाज करकरायची. मी तर्कशास्त्राचं पुस्तक उघडायचो आणि त्या करकरीने पुन्हा मिटायचो. कधी वाटायचं, ओरडावं. कधी वाटायचं, बाबांच्या जागी मी असतो तर गाईड केव्हाच चुलीत घातलं असतं. मला वाचायला सगळा दिवस होता आणि मन नव्हतं. त्यांना शाळा होती, वावराची राखण होती, गावातल्या माणसांचे अर्ज लिहून द्यायचे होते, आणि त्यातून उरलेल्या वेळात हा माणूस नसलेल्या काकाबरोबर न पाहिलेल्या मुंबईला जात होता.

बाबांचे पेपर मेहकरला होते. पहिलाच इंग्रजीचा. आदल्या दिवशी मायनं मला चुलीपाशी बोलावलं. भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "तू जाय त्याईच्या संगं."

"मी काऊन? लहान हायेत काय ते?"

"मांगच्या बारीले दुपारीच वापस आले होते. पोट दुखलं म्हने. मले नाई खरं वाटत."

म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीत मी बाबांच्या शेजारी बसलो होतो. त्यांचं धुतलेलं धोतर, कोट, टोपी. कोटाच्या खिशात दोन टाक. सडकेच्या दोन्ही अंगांना पळस फुलले होते, पान एक नाही, नुसता लाल रंग. बाबा खिडकीबाहेर बघत होते पण त्यांना काही दिसत नसावं. ओठ हलत होते. वाटेतल्या बीबी गावच्या थांब्यावर गाडी थांबली. मेहकरच्या शाळेला जाणारी परीक्षेची पोरं चढली. त्यातल्या दोघांनी बाबांना ओळखून नमस्कार केला आणि ते दोघे मागे जाऊन बसले. गाडी सुरू झाल्यावर बाबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले,

"मांगच्या वर्षी पोट नोतं दुखलं माहं."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"माह्या मांगच्या बाकावर आपल्या शाळेतलं पोट्टं होतं. मीच त्याले बाराखडी शिकवली. ते भराभरा लिहून राह्यलं होतं. त्याच्या टाकाचा आवाज येऊन राह्यला होता मले. माह्या कागदावर नंबर होता फक्त." थोडा वेळ त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. "मंग उठलो न आलो."

मला काहीतरी म्हणायचं होतं. गाडीचा खडखडाट एवढा होता की न बोलणं सोपं गेलं.

मेहकरच्या शाळेच्या आवारात पोरांची गर्दी होती. कुणी भिंतीला टेकून शेवटचं पान वाचत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. तेव्हा बरोबर आलेल्या माणसांना वऱ्हांड्यापर्यंत जाऊ देत. बाबा खोलीच्या दारावर लावलेले नंबर बघत होते, तेवढ्यात आतून एक तरुण सुपरवायझर पेपरांचा गठ्ठा घेऊन बाहेर आला. बाबांना बघून तो जागीच थबकला. गठ्ठा खिडकीत ठेवला आणि सगळ्या पोरांदेखत वाकून त्यानं बाबांच्या पायांना हात लावला.

"गुरुजी! तुमी इकडं कसे? कोनाले घेऊन आले?"

तो शेषराव होता. आमच्याच गावचा, बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता मेहकरच्या हायस्कुलात मास्तर. तो विचारत होता माझ्याकडे बघून. त्याला वाटलं, परीक्षा माझी आहे.

बाबांनी हातातला नंबराचा कागद मुठीत मिटला. वऱ्हांड्यातली पोरं वळून बघायला लागली होती. बाबा मला म्हणाले, "चाल दिन्या. जाऊ घरी." आणि खरंच पायऱ्या उतरायला लागले.

शेषरावला त्यांची मूठ दिसली. कोटाच्या खिशातले टाक दिसले. त्याचा चेहरा क्षणभर अगदी उतरला, आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. मग त्यानं जे केलं, त्याची मला आजही कमाल वाटते. त्यानं पाठ ताठ केली, गठ्ठा काखेत मारला आणि कडक आवाजात, जवळजवळ दरडावून म्हणाला,

"ओ! घंटा झाली. कुठं चालले? आपापल्या नंबरावर बसा. घंटा झाल्यावर भाईर थांबायचं नाई."

बाबा पायरीवर थांबले. मागे वळून त्यांनी शेषरावकडे बघितलं. शेषराव त्यांच्याकडे बघत नव्हता. तो दारात उभा राहून बाकीच्या पोरांनाही त्याच आवाजात हाकत होता, "चला, चला, गप्पा बंद!" त्या पोरांच्या लोंढ्यात बाबा मान खाली घालून, कोट सावरत आत गेले. आत जाताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांच्या वर्गात पोरं काढायची तशी.

पुढे मीही मास्तरकीच केली. परीक्षांच्या वर्गांवर कितीदा उभा राहिलो. घाबरलेली पोरं बघितली, मधूनच उठून जाऊ बघणाऱ्या बायाबापड्याही बघितल्या. त्यांना गोड बोलून धीर द्यायला मला जमलं. पण समोरच्याची लाज झाकण्यासाठी त्याच्यावर ओरडावं, ते शेषरावचं ओरडणं मला कधी साधलं नाही.

पेपर संपेपर्यंत मी कुठे बसणार? पैनगंगेवर गेलो. पाणी आटून एका कडेला लागलं होतं, वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लावल्या होत्या आणि एक बाई वेलांना डब्याने पाणी घालत होती. माझ्याजवळ तर्कशास्त्राचं पुस्तक होतं. उघडलं. चार ओळी वाचल्या. उठलो. वाळूत चाललो, चपलेत वाळू गेली, झटकली, पुन्हा बसलो. तिकडे खोलीत बाबा काय करत असतील? टाकाचा आवाज मागून येत असेल का? मला स्वतःच्या परीक्षेत कधी अशी धाकधूक झाली नव्हती. माझ्या परीक्षेत मला गमवायचं काही नव्हतं, हे तिथे त्या वाळूत मला पहिल्यांदा कळलं, आणि त्याचं बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटलं.

घंटेच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. पोरं बाहेर आली, पांगली. सगळ्यांत शेवटी बाबा आले. बोटं शाईने माखलेली. चेहऱ्यावर असं काही की मला आधी समजेना, बरं झालं की वाईट.

"शेष्यानं मले दोनदा टोकलं!" हे त्यांचं पहिलं वाक्य. "इकडं-तिकडं पाहू नका म्हने. समोर पाह्या म्हने." आणि ते हसायला लागले. धोतर-कोटातला, मिशा पिकायला लागलेला माणूस, मास्तरानं टोकलं म्हणून खुशीत हसत होता.

"निबंध कोनता आला?"

"आगगाडीचा प्रवास!"

मला उडी मारावीशी वाटली. "मंग? लिहिला ना पुरा? पाठच होता तुमाले."

बाबांनी शाईची बोटं धोतराला पुसली. "नाई लिहिला तो."

"काय?"

"पह्यलं वाक्य लिहिलं. अंकलपाशी आलो न हातच चालेना. वाटलं, शेष्या समोर उभा हाय. त्याले मी शिकवलं का खोटं लिहायचं नाई. मंग खोडलं." ते थांबले आणि मग पाठ नसलेलं, स्वतःचं इंग्रजी एकेक शब्द मोजत म्हणाले, "आय हॅव नॉट सीन रेल्वे. आय विल राइट ऑफ बस."

आणि पुढे त्यांनी लिहिलं होतं, ते मला भर रस्त्यात मराठीत सांगितलं. दुसरबीडहून सुटणारी सकाळची एसटी. कंडक्टर. कोंबडी घेऊन चढलेली म्हातारी. फुललेले पळस. म्हणजे सकाळी खिडकीबाहेर बघताना त्यांना सगळं दिसत होतं. पळसाला इंग्रजीत काय म्हणतात ते येत नव्हतं, म्हणून लिहिलं, रेड ट्री, नो लीफ.

मी कपाळाला हात लावला. "बाबा, शून्य देतीन ना ते! प्रश्न आगगाडीचा हाय!"

"देऊ दे. पन कागद भरला मी, दिन्या. दोन्ही बाजू."

परतीच्या गाडीत ते झोपले. मी जागा होतो. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यासारखं एक पान तरी आपल्याला लिहिता येईल का, असंही वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकदम मनात राहत नाहीत असं तर्कशास्त्राचं पुस्तक म्हणतं. राहतात.

माझी परीक्षा झाली. आठवावं असं तिच्यात काही नाही. उन्हाळा तापत गेला. निकालाची वाट बघण्यात मायला झोप लागेना, मला घरात बसवेना. बाबा मात्र शांतपणे वावरातल्या काडीकचऱ्याला लागले होते. निकालाचं वर्तमानपत्र एसटीनं आलं तेव्हा हॉटेलासमोर झुंबड उडाली. मी माणसांच्या बगलेतून डोकं घालून नंबरांच्या रांगा बघत गेलो. बारीक छपाई, घामानं डोळे चुरचुरत होते. नंबर होता. मी पुन्हा बघितला. होता. धावत वावरात गेलो. बाबा वाकून धसकटं वेचत होते. मी ओरडलो, "बाबा, पास!" ते उभे राहिले, हातातली धसकटं तशीच. म्हणाले, "इंग्रजीतबी?" मी म्हणालो, "इंग्रजीतबी." ते बांधावर बसले आणि हातातली धसकटं त्यांनी एकेक करून बाजूला ठेवली. मायनं पुरण घातलं. शेषराव मेहकरहून येऊन पाया पडून गेला. ह्या वेळी बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गोष्ट इथं संपायला हवी. मलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या वर्षी शिमगा झाला, खामगावला आमचे शेवटचे तास चालू होते. एके सकाळी कॉलेजला निघालो तर खोलीच्या दारात बाबा. तोच कोट. न सांगता, न कळवता आलेले.

"काय झालं बाबा? माय बरी हाय ना?"

"सारे बरे हायेत." ते माझ्या खाटेवर टेकले, लगेच उठले, खिडकीशी गेले. "मलेच घरात बसवत नाई बे. पाह्यटीच जाग येते. कंदील लावतो न बसतो. मंग ध्यानात येते, का वाचायचं काई नाई. वाटलं होतं, पास झालो का जीव निवंल. हा तं जास्तच उकळून राह्यला." मग एकदम म्हणाले, "तुह्या कॉलेजात नेतं का मले? भाईरून पाह्यतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. सडकेवर जाऊन गाड्या बघणारा मी, आणि हे. ते उकळणं मला माझंच वाटायचं, कॉलेजातून मिळालेलं, शहरातून आणलेलं. ते तर घरातलंच होतं. बाजेवर माझ्या शेजारी बसून करकरत होतं.

तास तर्कशास्त्राचा होता. सर पुण्याकडचे, बोलणं स्वच्छ, कपडे स्वच्छ. बाबा वऱ्हांड्यात खिडकीपाशी हात बांधून उभे राहिले. सरांना ते दिसले. "कोण आहेत?" त्यांनी विचारलं. मी उभा राहिलो, "माझे वडील आहेत, सर." सर म्हणाले, "मग बाहेर का? आत या, बसा." बाबा आत आले, टोपी हातात, आणि सगळ्यांत मागच्या बाकावर अंग चोरून बसले. सर अनुमान शिकवत होते. सर्व कावळे काळे असतात. हा कावळा आहे. म्हणून हा काळा आहे. आम्ही उतरवून घेत होतो. मी मागे बघितलं. बाबा पुढे वाकून, कपाळाला आठ्या घालून, फळ्याकडे असे बघत होते, जणू कुणीतरी त्यांच्या वावराची हद्द चुकीची सांगतोय.

तास सुटला. त्यांची गाडी होती. स्टँडपर्यंत ते माझ्या पुढेपुढे चालले. गाडीत चढले, खिडकीत बसले आणि मग बाहेर डोकं काढून म्हणाले,

"दिन्या, ते पह्यलं वाक्य. सगळे कावळे काळे. ते कोनं ठरवलं?"

"म्हंजे?"

"सगळे कावळे पाह्यले काय कोनी? न नाई पाह्यले, तं मंग काऊन म्हनाव?"

कंडक्टरनं घंटी मारली. दोन वर्षं मी ते वाक्य लिहीत होतो.

"सरायले इचार!" गाडी हलली तरी त्यांचं डोकं बाहेरच होतं. "मी पुन्हा आलो का सांग मले!"

वर्गात मी कधी प्रश्न विचारला नव्हता. माझ्या बोलण्याची मलाच लाज वाटायची. शुद्ध वाक्य मनात जुळवेपर्यंत तास पुढे गेलेला असायचा. त्या दुपारी पुन्हा सरांचाच तास होता. सर फळ्याकडे वळले होते. मी हात वर केला. ते वळेनात, तेव्हा बाक सरकवून उभाच राहिलो आणि जशी तोंडात आली त्या भाषेत म्हणालो, "सर, मले एक इचारायचं हाय."